बांधावरच्या बाभळी व निंबांच्या सरपणासाठी चेनसॉ कोणती घ्यावी आणि ती कशी राखावी?

तापीथडी, चोपडा तालुका

सर्वांना नमस्कार. यंदा मृगाच्या आधी आलेल्या वादळात आमच्या केळीबरोबरच बांधावरच्या नऊ बाभळी आणि विहिरीजवळचे दोन जुने कडुनिंब आडवे झाले. केळीचे खोड बांधावर ओढून टाकता येते, पण ही झाडे चार महिने जागेवर पडून आहेत आणि रब्बीच्या मशागतीला अडथळा होत आहे. घरी पाणी तापवण्याचा बंब अजून लाकडावरच चालतो, आईचा भाकरीसाठी चुलीचाच आग्रह असतो आणि हिवाळ्यात भरिताच्या निमित्ताने पाहुण्यांची ये-जा असते, त्यामुळे हे सरपण विकायचे नसून दोन-तीन वर्षे घरीच वापरायचे आहे.

माझ्याकडे तीन वर्षांपूर्वी घेतलेली 58 सीसीची, 22 इंची बारची (ज्या लांब पट्टीभोवती चेन, म्हणजे साखळी, फिरते ती) चेनसॉ आहे. पहिले वर्ष तिने चांगले काम दिले. आता ती कापताना एका बाजूला वळते, काप तिरका जाऊन बार लाकडात अडकतो, धूर निघतो आणि भुसा पिठासारखा बारीक पडतो. अंगाचा भार देऊन दाबल्याशिवाय ती पुढे सरकत नाही. एका दुकानदाराने चेन बदलण्यास सांगितले म्हणून नवी चेन घातली, परंतु वादळात पडलेल्या पहिल्याच बाभळीवर ती अर्ध्या दिवसात बोथट झाली. दुसऱ्याने सांगितले की बाभळीसाठी हे यंत्रच लहान पडते आणि 70 सीसीच्या वरचे यंत्र घ्यावे. शिवाय पावसाळाभर ठेवून दिल्यानंतर ते सुरू होण्यास दरवेळी फार त्रास देते.

वडिलांच्या काळातील दोन माणसांनी ओढायची करवत, दोन कुऱ्हाडी आणि लोखंडी पाचरी घरात आहेत, पण त्यांचे दांडे सैल झाले आहेत. नवे यंत्र घेणे खरोखर आवश्यक आहे का, घ्यावयाचे झाल्यास किती मोठे घ्यावे, आणि जे आहे त्याची निगा कशी राखावी, याविषयी स्वतः काम केलेल्या मंडळींनी सविस्तर लिहावे, ही विनंती.


पांझराकाठ, धुळे

नमस्कार भाऊ. मी गेली अठरा वर्षे फवारणी पंप, ग्रास कटर आणि चेनसॉ दुरुस्त करतो. तुम्ही वर्णन केलेल्या लक्षणांपैकी वळणे, धूर आणि पिठासारखा भुसा ही तिन्ही लक्षणे साखळीची आहेत, इंजिनाची नाहीत. त्यामुळे 70 सीसीचे यंत्र घेतले आणि त्याच्यावर तशीच बोथट साखळी चालवली, तर तोच त्रास अधिक पेट्रोल जाळून होईल. साखळीविषयी माझ्यापेक्षा अधिक जाणणारे लोक येथे आहेत, म्हणून मी इंजिन आणि निवडीपुरते लिहितो.

सीसी म्हणजे सिलिंडरचे आकारमान. यंत्राची ताकद किलोवॅटमध्ये लिहिलेली असते, आणि सारख्याच सीसीच्या दोन यंत्रांच्या ताकदीत बराच फरक असू शकतो. घरच्या सरपणासाठी 45 ते 50 सीसीचे चांगल्या बांधणीचे यंत्र आणि 16 किंवा 18 इंची बार पुरेसा आहे. दोन्ही बाजूंनी काप घेतल्यास 16 इंची बारने त्याहून बरेच जाड खोडही कापता येते. लांब बारचा तोटा लोक लक्षात घेत नाहीत. बार जितका लांब, तितके दाते अधिक, तितका घर्षणावर खर्च होणारा जोर अधिक आणि तितकी कानस चालवण्याची मेहनतही अधिक. 22 इंची बारऐवजी त्याच इंजिनावर 18 इंची बार आणि त्याला जुळणारी साखळी बसवली, तर तुमचे जुने यंत्रच हलके झाल्यासारखे वाटेल. साखळी घेताना तीन गोष्टी जुळाव्या लागतात: पिच, म्हणजे लागोपाठच्या तीन रिव्हेटांमधील अंतराचा निम्मा भाग, गेज, म्हणजे बारच्या खाचेत बसणाऱ्या कडीची जाडी, आणि त्या खालच्या कड्यांची संख्या. तुमच्यासारख्या यंत्रांवर बहुधा 0.325 इंच पिच आणि 1.5 मिलिमीटर गेज असते, पण अंदाजाने न घेता बारवर कोरलेले आकडे वाचावेत आणि जुनी साखळी दुकानात सोबत न्यावी.

नवे यंत्र घेण्याची वेळ आलीच, तर कंपनीच्या नावाआधी एक चौकशी करावी. त्या यंत्राचे कार्बोरेटर, स्प्रॉकेट (साखळी फिरवणारे दातेरी चाक), क्लच आणि ऑइल पंप तुमच्या तालुक्यात किंवा निदान जळगावला मिळतात का? स्टिहल आणि हस्क्वार्ना ही यंत्रे महाग असली तरी त्यांचे सुटे भाग अनेक वर्षे मिळत राहतात, हा त्यांचा मोठा गुण आहे. स्वस्त यंत्र अजिबात घेऊ नये असे मी म्हणत नाही. वर्षातून आठ दिवसांच्या कामासाठी तेही पुरते, मात्र त्याची काळजी घेणारा माणूस घरात हवा. विजेवर चालणारी चेनसॉ अंगणातील ओंडक्यांना उत्तम आहे, परंतु बांधापर्यंत वायर ओढत नेणे आणि शेतीच्या विजेच्या वेळा पाळणे तुमच्या कामाला सोयीचे होणार नाही.

आता सुरू होण्याच्या त्रासाविषयी. सध्या पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि इथेनॉल हवेतील ओलावा ओढून घेते. पावसाळाभर टाकीत राहिलेल्या मिश्रणात पाणी धरते, ते तळाशी बसते आणि पहिल्या झटक्याला कार्बोरेटर तेच ओढते. या कार्बोरेटरमध्ये पातळ रबरी पडदे असतात. जुन्या पेट्रोलने ते कडक होतात आणि मग कितीही दोरी ओढली तरी इंजिनाला इंधन पुरत नाही. म्हणून काम संपल्यावर टाकी रिकामी करावी, यंत्र पुन्हा सुरू करून आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे आणि कोरड्या स्थितीतच ठेवावे. मिश्रण लागेल तेवढेच करावे आणि महिन्याहून जुने वापरू नये. 1:50 या प्रमाणात एका लिटरला 20 मिलिलिटर आणि 1:25 या प्रमाणात 40 मिलिलिटर टू-स्ट्रोक तेल लागते. यांतील कोणते प्रमाण घ्यावे हे यंत्राच्या पुस्तिकेत आणि तेलाच्या डब्यावर लिहिलेले असते, तेच पाळावे. माझ्याकडे दरवर्षी पिस्टनवर ओरखडे पडलेली यंत्रे येतात आणि त्यांतील बरीचशी मोटरसायकलमधून काढलेले निव्वळ पेट्रोल घातल्यामुळे बिघडलेली असतात. यंत्र शेजाऱ्याला द्यावयाचे असेल, तर मिश्रणाचा डबाही सोबत द्यावा, एवढे कळकळीने सांगतो.

आपल्याकडची धूळ हा दुसरा शत्रू आहे. काळ्या मातीची धूळ आणि वाळलेल्या निंबाचा बारीक भुसा यांमुळे एअर फिल्टर एका दिवसात बुजतो. तो रोज संध्याकाळी काढून झटकावा, नायलॉनचा असल्यास साबणाच्या कोमट पाण्यात धुवावा आणि पूर्ण वाळल्यावरच बसवावा. फिल्टर काढून यंत्र चालवणे म्हणजे सिलिंडरमध्ये वाळू टाकणे होय. स्पार्क प्लगचे अंतर अर्धा मिलिमीटर ठेवावे. सिलिंडरच्या पंख्यांमध्ये अडकलेला भुसा ब्रशने काढावा, कारण चैत्र-वैशाखात काम केल्यास हवा आधीच 43-44 अंशांवर असते आणि इंजिनाला थंड होण्यास वाव उरत नाही.

साखळीच्या तेलाच्या टाकीत जळके इंजिन ऑइल ओतण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. त्यात धातूचा कीस असतो, तो ऑइल पंप खातो आणि बारची खाच झिजवतो. चेनसाठीचे तेल मिळत नसेल, तर नवे घट्ट इंजिन ऑइल वापरावे. तेल येते की नाही हे पाहण्यासाठी यंत्र वेगात ठेवून बारचे टोक फिकट रंगाच्या लाकडासमोर वीतभर अंतरावर धरावे. तेलाची बारीक रेघ उमटली पाहिजे. पेट्रोलची टाकी संपते तेव्हा तेलाच्या टाकीत थोडेच तेल शिल्लक असावे. भरपूर उरले असेल, तर तेलाची वाट बुजली आहे असे समजावे.


सातपुडापायथा, यावल तालुका

पांझराकाठच्या दादांनी इंजिनाचे सर्व सांगितले आहे. मी साखळीकडे वळतो, कारण माझ्या मते तुमच्या प्रश्नाचे मूळ तेथेच आहे. आमच्या घरी तीन पिढ्या लाकडाचे काम आहे. वडील करवतीचे दाते लावत असत, मी साखळीचे लावतो, आणि तत्त्व तेच आहे.

साखळीचा दाता कसा कापतो हे समजले म्हणजे पुढचे सर्व सोपे होते. अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात जोसेफ कॉक्स नावाच्या लाकूडतोड्याने 1946 साली एका बुंध्यात लाकूड पोखरणारी भुंग्याची अळी पाहिली. ती उभ्या-आडव्या रेषांची पर्वा न करता डावीकडे आणि उजवीकडे आळीपाळीने लाकूड खात पुढे जात होती. तिच्या जबड्यावरून त्याने जी साखळी बनवली, तिचेच वंशज आज आपल्या यंत्रांवर आहेत. एक दाता डाव्या बाजूचा, पुढचा उजव्या बाजूचा. प्रत्येक दात्याची बाजूची धार लाकडाचे तंतू तोडते आणि वरची धार ढलपी उचलते. डाव्या बाजूचे दाते लांब आणि उजव्या बाजूचे आखूड झाले, की साखळी लांब दात्यांच्या बाजूला ओढली जाते. तुमचे यंत्र वळते ते यामुळेच असावे. दाते सारखे करूनही ते वळत राहिले, तर बारच्या दोन्ही कडा समान उंचीच्या आहेत का ते पाहावे. बार सपाट फरशीवर उभा धरला असता तो सरळ उभा राहिला पाहिजे. झुकला तर एक कड झिजली आहे, आणि चपट्या कानशीने ती सारखी करता येते. बार प्रत्येक वेळी उलटा करून बसवावा, म्हणजे दोन्ही अंगे सारखी झिजतात.

धार लावण्यासाठी 0.325 पिचच्या साखळीला 4.8 मिलिमीटरची गोल कानस लागते. लहान यंत्रांवरील कमी उंचीच्या 3/8 इंची साखळीला 4 मिलिमीटरची. बार शिकंजात किंवा खोडाला पाडलेल्या खाचेत घट्ट बसवावा. वरच्या धारेचा कोन 30 अंश ठेवावा. दात्यावर कंपनीने आखलेली रेघ असते, तिला समांतर कानस धरली तरी पुरते. कानशीच्या जाडीचा सुमारे पाचवा भाग दात्याच्या वर दिसला पाहिजे. कानस आतून बाहेर, एकाच दिशेने ढकलावी आणि परत येताना उचलावी. मागे-पुढे घासल्याने कानस मरते आणि धारही गोल होते. आधी सर्वांत आखूड दाता शोधावा, त्याला चमक येईपर्यंत घासावे आणि मग उरलेले सर्व दाते त्याच्या लांबीचे करावेत. पहिल्या वेळी यात दोन तास जातील, याची तयारी ठेवावी. त्यानंतर प्रत्येक दुसऱ्या टाकीला दोन-तीन हात मारले की दहा मिनिटांत काम होते.

दात्याच्या पुढे जी बुटकी खुंटी असते, तिच्याकडे नव्वद टक्के लोक पाहतच नाहीत, असे माझे निरीक्षण आहे. त्या खुंटीची उंची दाता किती खोल शिरेल ते ठरवते. दाता घासून खाली गेला आणि खुंटी तशीच राहिली, तर धार कितीही चांगली असली तरी दाता लाकडाला लागतच नाही. नवीन धार लावूनही पिठासारखा भुसा पडतो तो अशा वेळी. खुंटी दात्याच्या टोकापेक्षा सुमारे 0.65 मिलिमीटर खाली असावी. त्यासाठी छोटी मापपट्टी मिळते, ती घ्यावी, अंदाजावर जाऊ नये, कारण खुंटी जास्त उतरली तर साखळी लाकडाला चावे घेते, झटके देते आणि हातातून यंत्र उडण्याचा धोका वाढतो.

तुमची नवी साखळी अर्ध्या दिवसात बोथट झाली, याचा दोष बाभळीला द्यावा असे मला वाटत नाही. बाभळीचे लाकूड टणक आहे हे खरे, पण चांगली साखळी ते सहज कापते. चार महिने जमिनीवर पडलेल्या झाडाच्या सालीच्या भेगांत वाळू आणि चिखल भरलेला असतो, आणि बाभळीची साल तर मुळातच खोल भेगांची. साखळी जमिनीला एकदा टेकली, तरी पुढच्या सेकंदभरात प्रत्येक दाता मातीतून फिरून येतो. म्हणून खोड वरून तीन चतुर्थांश कापावे, पहारीने उलटावे आणि उरलेला भाग दुसऱ्या बाजूने पुरा करावा. कापण्याच्या जागेची साल कुऱ्हाडीने सोलून काढल्यास साखळी तिप्पट टिकते, हा माझा स्वतःचा अनुभव आहे. फांद्या मात्र घोडीवर ठेवून कापाव्यात. बाभळीच्याच दोन बेचक्या रोवून घोडी तयार करता येते. बांधावरच्या झाडांना जुन्या कुंपणाची तार आणि खिळे असतात, आणि झाड वाढताना ते सालीच्या आत गिळून टाकते. सालीवर निळसर-काळा डाग दिसला, तर तेथे लोखंड आहे असे समजून हातभर सोडून कापावे.

साखळी ताणण्याविषयी थोडक्यात: बारचे टोक वर उचलून धरावे, साखळी खालच्या बाजूला लोंबू नये आणि हातमोजा घालून ओढल्यास सहज फिरावी. काम करताना ती तापून लांबते आणि आपण ती पुन्हा ताणतो. संध्याकाळी मात्र ती सैल करूनच ठेवावी, नाहीतर थंड होऊन आखडते आणि बार व क्रँकशाफ्टवर ताण येतो. दोन-तीन साखळ्या झिजल्या, की स्प्रॉकेटही बदलावे. झिजलेल्या स्प्रॉकेटवर नवी साखळी घालणे म्हणजे ती साखळी वाया घालवणे.

आणखी एक. वादळात पडलेल्या झाडांत पुढे कधी चिंच, आंबा, साग, मोह, खैर, जांभूळ किंवा अंजन असेल, तर हात लावण्याआधी वन विभागाकडे किंवा तहसील कार्यालयात चौकशी करावी. ही झाडे महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, 1964 याच्या अनुसूचीत आहेत आणि स्वतःच्या शेतातील असली तरी त्यांना परवानगी लागते. अंजनाबद्दल मला विशेष आस्था आहे. आपल्या खानदेशाच्या खडकाळ उतारांवर तग धरणारे हे झाड आहे, त्याचे गाभ्याचे लाकूड इतके जड की पाण्यात बुडते. ते सरपणात जाऊ नये, असे मला मनापासून वाटते.


बोरीकाठ, अमळनेर तालुका

भाऊ, यंत्राविषयी मला सांगण्यासारखे काही नाही. मी पंचवीस वर्षे चूल सांभाळते आहे आणि दरवर्षी घरच्या माणसांनी चुकीच्या मापाचे तुकडे करून ठेवलेले पाहते, म्हणून लिहीत आहे. कापण्यास सुरुवात करण्यापूर्वी आईला तुकड्याचे माप विचारा. चुलीला साधारण दीड वीत लांबीचा, मनगटाएवढा जाड, फोडलेला तुकडा लागतो. बंबाच्या नळीत त्याहून आखूड आणि बारीक झिलप्या जातात. अखंड गोल ओंडका चुलीत धुमसत राहतो, कारण साल ओलावा बाहेर जाऊ देत नाही. फोडलेले लाकूड एका उन्हाळ्यात खडखडीत वाळते. न फोडलेला जाड ओंडका दुसऱ्या वर्षीही आतून ओला निघतो. दोन तुकडे एकमेकांवर आपटल्यावर टणटणीत आवाज आला आणि टोकाला चिरा पडलेल्या दिसल्या, की लाकूड वाळले.

कडुनिंब आणि बाभूळ वेगवेगळे रचा. कळण्याच्या भाकरीला बाभळीचा निखारा हवा, तो बराच वेळ एकसारखा राहतो. खापरावर मांडे करायचे असतील, तर निखारा पुरत नाही. खापराला सगळीकडून लागेल अशी पसरट ज्योत लागते, आणि त्यासाठी बारीक फोडलेले हलके लाकूड बरे. वांग्याच्या भरितासाठी आमच्याकडे अजूनही कपाशीच्या पऱ्हाट्याच वापरतात. झटपट भडका, वांग्याला खमंग चव, आणि लाकूड वाचते. मात्र पऱ्हाट्यांची गंजी पुढच्या पावसाळ्यापर्यंत शेतात ठेवू नका, तिच्यात गुलाबी बोंडअळी राहते आणि नव्या कपाशीवर येते. त्या हिवाळ्यातच जाळून संपवाव्यात.

रचताना खाली विटा किंवा दोन आडवे ओंडके ठेवा, भिंतीपासून हातभर अंतर सोडा आणि वर पत्रा टाका, पण बाजू मोकळ्या राहू द्या. जमिनीला टेकलेल्या गंजीत वाळवी लागते आणि साप-विंचू आश्रय घेतात. अंधारात गंजीत हात घालण्याची वेळ माझ्यावर अनेकदा येते, म्हणून ही गोष्ट तुम्ही हलकी धरू नये. बाभळीच्या बाहेरच्या पांढुरक्या लाकडाला घुण लागतो. साल काढून रचल्यास तो पुष्कळ कमी होतो.


तापीथडी, चोपडा तालुका

सर्वांचे मनापासून आभार. काल साखळी उतरवून प्रत्येक दाता मोजला. उजव्या बाजूचे दाते डाव्यांपेक्षा जवळजवळ दोन मिलिमीटरने आखूड निघाले. मी उजव्या हाताने कानस चालवतो, त्यामुळे एका बाजूला नकळत जोर अधिक पडत होता. खुंट्यांना तर तीन वर्षांत कानस लागलीच नव्हती. मापपट्टी जळगावहून मागवली आहे. कार्बोरेटर तालुक्याच्या ठिकाणी उघडून घेतले, तेव्हा त्यातील पडदा वाळलेल्या पापडासारखा कडक झालेला होता, तो बदलला. नवे यंत्र घेण्याचा विचार सध्या बाजूला ठेवला असून 18 इंची बार घेत आहे.

आता दोन गोष्टी विचारतो. दोन बाभळी मुळासकट उपटून बांधावर तिरप्या टेकल्या आहेत, त्यांना हात कोठून घालावा? आणि फोडण्यासाठी जुन्या कुऱ्हाडी चालतील का?


पांझराकाठ, धुळे

भाऊ, तिरप्या टेकलेल्या झाडांविषयी विचारलेत ते फार बरे केले, कारण उभे झाड पाडण्यापेक्षा हे काम अधिक धोक्याचे आहे. वाकलेल्या खोडाची एक बाजू ताणलेली असते आणि दुसरी दाबलेली. ताणलेल्या बाजूला आधी काप दिला, तर खोड उभे चिरते आणि दोन्ही भाग फटकन उसळतात. दाबलेल्या बाजूला खोल काप दिला, तर बार अडकतो. दोन टोकांवर टेकलेल्या खोडात वरची बाजू दाबलेली असते, म्हणून तेथे आधी जाडीच्या एक तृतीयांशापर्यंत कापावे आणि उरलेले खालून वर, हळूहळू. एकच टोक आधारावर आणि दुसरे अधांतरी असेल, तर क्रम उलटा. उपटलेल्या झाडाचा मुळांसकट मातीचा गड्डा खोडाच्या वजनाने आडवा राहिलेला असतो. खोड कापताच तो परत खड्ड्यात उभा बसू शकतो. मागे खड्ड्यात कोणीही, विशेषतः मुले आणि जनावरे, नसावीत. फांद्या आधी काढाव्यात, पण ज्या फांद्यांवर झाड टेकले आहे त्या शेवटपर्यंत ठेवाव्यात.

माझ्या चुलतभावाच्या डाव्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत व्रण आहे. त्याने फांदी कापताना बारच्या टोकाचा वरचा कोपरा मागच्या फांदीला लागला आणि यंत्र डोळ्यांचे पाते लवण्याआधी त्याच्याकडे उलटले. टोकाच्या त्या वरच्या चतुर्थांशाने कधीही कापू नये, कारण तेथे दाते लाकडात शिरण्याऐवजी अडकतात आणि सगळा जोर यंत्र मागे फेकण्यात जातो. पुढच्या दांड्याखालून डाव्या हाताचा अंगठा वळवून पक्की मूठ धरावी. खांद्यापेक्षा वर यंत्र उचलू नये, शिडीवर चढून तर मुळीच नाही. सुरू करताना यंत्र जमिनीवर ठेवून मागच्या दांड्यात उजवा पाय रोवावा आणि साखळीचा ब्रेक लावलेला असावा. भावाच्या यंत्राचा ब्रेक भुशाने जाम झालेला होता, हे नंतर उघडताना दिसले. त्या दिवसापासून दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक यंत्राचा ब्रेक मी आधी तपासतो, मग बाकीचे पाहतो. चष्मा, कानांची बोंडे, जाड बूट आणि पायांना घट्ट पँट हवीच. धोतर, लुंगी, गळ्यातला गमछा नको. उन्हाळ्यात सकाळी सहा ते दहा एवढेच काम करावे, कारण थकलेल्या हातांनी चुका होतात. एकट्याने बांधावर जाऊ नये.

जुन्या कुऱ्हाडी टाकू नयेत. पातळ पात्याची कुऱ्हाड फांद्या छाटण्यासाठी ठेवावी. फोडण्यासाठी जड आणि जाड गालाची हवी, जी लाकडात अडकण्याऐवजी ते दोन्ही बाजूंना ढकलते. दांडा धावड्याचा किंवा बाभळीचा, रेषा दांड्याच्या लांबीने सरळ गेलेला घ्यावा. सैल दांडा पाण्यात भिजवून घट्ट करण्याची सवय सोडावी, वाळल्यावर तो आधीपेक्षा सैल होतो. नवी पाचर ठोकावी. पात्याचे तोंड बोथट होऊन वळत असेल, तर लोहाराकडून पाणी देऊन, म्हणजे तापवून पाण्यात बुडवून कडक करून, घ्यावे, आणि ग्राइंडरवर निळे पडेपर्यंत घासू नये, पाणी उतरते. बाभळीचा ओंडका मधोमध न फोडता कडेकडेने ढलप्या काढत फोडावा. बेचक्याच्या गाठी शेवटी घण आणि लोखंडी पाचरीने. मात्र चेनसॉच्या कापात पाचर घालायची झाल्यास ती लाकडाचीच घालावी.


तापीथडी, चोपडा तालुका

कळविण्यास आनंद वाटतो की सात बाभळी कापून झाल्या. साल सोलून आणि खोड उलटवून कापल्यामुळे एकाच साखळीवर चार दिवस काम झाले, दर दुसऱ्या टाकीला कानस लावली आणि भुशाऐवजी नखाएवढ्या ढलप्या पडत होत्या. काप सरळ जातो. टेकलेल्या दोन बाभळी थोरल्या बंधूंना सोबत घेऊन, सांगितल्याप्रमाणे वरून आणि मग खालून कापल्या. मुळांचा गड्डा खरोखरच परत खड्ड्यात बसला आणि त्या आवाजाने आम्ही दोघे स्तब्ध उभे राहिलो. आईने सुतळीच्या तुकड्यावर गाठ मारून चुलीचे माप दिले आहे, ती सुतळी घोडीला बांधून ठेवली आहे. निंबांचे काम दिवाळीनंतर घेणार आहे, कारण त्यांच्या खोडात जुन्या मोटेच्या वेळचे लोखंडी कडे अडकलेले आहे, आणि ते नेमके किती उंचीवर होते हे आठवणारे आमचे नाना सध्या शिरपूरला लेकीकडे आहेत.